संस्थेत काही अडलं की चष्मा बदलून कसं बघायचं

तक्रार विभाग माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक रबरी शिक्का बघितला. जांभळी शाई, शब्द दोनच, 'माहिती अपुरी'. ग्राहकाची तक्रार डेस्कवर यायची, डेस्कवरची मुलं ती फॉर्मवर उतरवून दुरुस्ती टीमकडे पाठवायची, आणि त्यातले ढीगभर फॉर्म हा शिक्का घेऊन परत यायचे, मग पुन्हा ग्राहकाला फोन, पुन्हा फॉर्म, पुन्हा शिक्का, आणि तो बिचारा ग्राहक तिकडे वाट बघत बसलेला. मी काय केलं, तर नवीन फॉर्म बनवला. जुन्यात नऊ रकाने होते, मी चौदा केले, प्रत्येक रकाना कसा भरायचा त्याच्या सूचना लावल्या, सगळ्यांना बसवून ट्रेनिंग दिलं. तीन महिन्यांनी उशीर होता तेवढाच, फक्त आता चौदाच्या चौदा रकाने भरलेले फॉर्म परत यायला लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी जे बघायला हवं होतं ते टेबलावरच पडलेलं होतं. हाताने दोन शब्द लिहिण्याऐवजी कोणीतरी त्याचा शिक्का करून घेतलाय, म्हणजे ते दोन शब्द दिवसाला किती वेळा लिहावे लागत असतील, आणि मुळात ते लिहिण्यात कोणाचा काय फायदा असेल? हा प्रश्न मला पडला नाही कारण मला फॉर्म, नियम, पद्धत हेच दिसतं, मी त्यातूनच वर आलेय. प्रत्येकाचा असा एक आवडता चष्मा असतो आणि अडचण आली की हात आपोआप त्याच्याकडेच जातो. म्हणून हे लिहितेय, की काही करायच्या आधी चष्मा बदलून कसं बघायचं, आणि बघून झाल्यावर पुढे काय करायचं.

चष्मे किती, तर मी चार वापरते. ही चारची विभागणी माझी नाही, ली बोलमन आणि टेरेन्स डील या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ती १९८४ मध्ये मांडली आणि तेव्हापासून मॅनेजमेंट शिकवताना ती खूप वापरली जाते. रचना, माणसं, ताकद आणि अर्थ, अशी मी आपल्या भाषेत नावं ठेवलीयेत. कंपनी असो, शाळा असो, हॉस्पिटल असो की पंधरा जणांची सेवाभावी संस्था, चारही गोष्टी सगळीकडे असतात, एकाच वेळी असतात.

पहिला चष्मा, रचना

हा बहुतेकांना येतो म्हणून जास्त लिहीत नाही. कोण कोणाला रिपोर्ट करतं, कोणाचं टार्गेट काय, नियम काय, काम एका हातातून दुसऱ्या हातात कसं जातं. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये कामाचं शास्त्र मांडलं, मॅक्स वेबरने नोकरशाहीचा अभ्यास केला, तेव्हापासून संस्था म्हटलं की लोकांना आधी हेच आठवतं.

फक्त एक सांगते, भिंतीवरचा तक्ता बघून रचना कळत नाही. एक वस्तू धरा, एक फाईल, एक ऑर्डर, एक रजेचा अर्ज, काहीही, आणि ती जिथे जिथे जाते तिथे स्वतः चालत जा. कुठे किती वेळ पडून राहते ते लिहा, आणि प्रत्येक टेबलावर एकच विचारा की तुमचं काम चांगलं झालं हे तुमचा साहेब कशावरून ठरवतो. मी एक फॉर्म घेऊन अशी फिरले तेव्हा कळलं की दुरुस्ती टीमचं काम महिन्यात किती तक्रारी बंद केल्या यावर मोजतात, आणि परत पाठवलेला फॉर्म त्यांच्या खात्यातून निघून जातो, पुन्हा आला की त्याला नवीन नंबर मिळतो. म्हणजे अवघड तक्रार परत पाठवली की त्यांचा आकडा सुधारायचा. कोणी कामचुकार नव्हतं हो, जे मोजलं जातंय तेच ते करत होते.

दुसरा चष्मा, माणसं

इथे प्रश्न वेगळे आहेत. या जागेवर काम करणाऱ्याला काय लागतं, त्याला काय येतं, कशाची भीती वाटते, आणि संस्था त्याला काय देते. डग्लस मॅकग्रेगरने १९६० मध्ये मॅनेजरच्या डोक्यातली दोन गृहीतकं मांडली होती, एक म्हणजे माणूस मुळात कामाचा कंटाळा करतो, त्याच्या मागे लागावंच लागतं, आणि दुसरं म्हणजे नीट परिस्थिती मिळाली तर माणूस स्वतःहून जबाबदारी घेतो. यातलं तुम्ही कुठलं धरून चालता ते तुम्ही कुठलीही मीटिंग घेतली तरी समोरच्याला पाच मिनिटांत कळतं, तुम्ही तोंडाने काहीही बोला.

डेस्कवर एक नवीन मुलगी होती. मी तिच्या शेजारी अर्धा दिवस नुसती बसले, काही न बोलता. एका तक्रारीत तिला शंका आली, तिने फोन उचलला, दुरुस्ती टीमचा नंबर लावला आणि पहिली रिंग गेल्या गेल्या ठेवून दिला. मग फॉर्म तसाच पाठवून दिला. मी विचारलं का ठेवलास, तर म्हणाली, "मॅडम, विचारलं की ते म्हणतात एवढंही कळत नाही का. त्यापेक्षा फॉर्म पाठवते, शिक्का आला तर आला." चौदा रकान्यांत मला जी माहिती हवी होती ती एका फोनमध्ये मिळाली असती, पण तो फोन करायची तिला भीती वाटत होती.

यावर एमी एडमंडसन यांचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९० च्या दशकात त्या हॉस्पिटलमधल्या टीम्सच्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या, आणि आकडे उलटे आले, ज्या टीम चांगल्या होत्या त्यांच्याच चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथे लोक चुका लपवत नव्हते, सांगत होते. त्यामुळे आपल्याकडे तक्रारी शून्य, चुका शून्य असा रिपोर्ट आला की खूश व्हायच्या आधी लोक बोलतायत का ते बघा.

हा चष्मा लावायचा तर करायचं काय? जिथे काम होतं तिथे बसायचं, केबिनमध्ये बोलावून विचारायचं नाही. "काही अडचण आहे का" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. "काल कुठल्या कामात अडकलात आणि मग काय केलंत" असं विचारा, माणूस बोलायला लागतो.

तिसरा चष्मा, ताकद

यावर मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त लोक इथेच डोळे मिटतात. "आमच्याकडे राजकारण चालत नाही" असं म्हणणारे भले लोक मी खूप बघितलेत, आणि त्यांचे चांगले चांगले प्रस्ताव मीटिंगमध्ये पडताना पण बघितलेत. राजकारण म्हणजे काही घाणेरडंच असतं असं नाही. पैसे, जागा, माणसं, वेळ हे सगळ्यांना पुरेल एवढं कधीच नसतं, आणि काय महत्त्वाचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं, एवढ्या दोन गोष्टी असल्या की राजकारण असणारच, माणसं कितीही सज्जन असोत.

एक कागद घ्या. ज्या बदलाचा विचार चाललाय त्याच्याशी संबंध असलेल्या सगळ्यांची नावं लिहा, तक्त्यात नसलेल्यांचीही. प्रत्येकापुढे तीन गोष्टी, त्याला काय हवंय, या बदलाने त्याचं काय जाईल, आणि त्याच्या हातात काय आहे. हातात काय याचा अर्थ फक्त पद नाही. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन यांनी १९५९ मध्ये ताकदीचे पाच उगम सांगितले, पद, बक्षीस देण्याची क्षमता, शिक्षा देण्याची क्षमता, ज्ञान, आणि लोकांना तुमच्याबद्दल वाटणारा आदर. यातले शेवटचे दोन कुठल्याच तक्त्यात छापलेले नसतात, आणि तुमचा बदल अडतो तो बऱ्याचदा त्यांच्यापाशीच.

आमच्याकडे एक जुने टेक्निशियन होते, पदाने फार वर नाहीत पण जुनी मशीन फक्त त्यांनाच कळायची, आणि दुरुस्ती टीम त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. त्यांच्या नावापुढे 'काय जाईल' हे लिहायला गेले आणि थांबले, मला माहीतच नव्हतं. म्हणून भेटायला गेले. पाऊण तास ते फक्त बोलत होते. आदल्या वर्षी त्यांच्या टीममधली एक जागा कमी केली होती आणि त्याच महिन्यात डेस्कला दोन नवीन माणसं दिली होती, आणि त्यांना हे कोणी समजावूनसुद्धा सांगितलं नव्हतं. "तिकडे माणसं आहेत ना, मग करू दे त्यांना पूर्ण काम," हे त्यांचं वाक्य. म्हणजे शिक्का हा निरोप होता, वर्षभर रोज पाठवलेला, आणि आम्ही तो फॉर्ममधली चूक म्हणून वाचत होतो.

अशा ठिकाणी समोरचा काय मागतोय यापेक्षा कशासाठी मागतोय ते शोधायचं. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२० च्या दशकात याचं साधं उदाहरण दिलंय, लायब्ररीतल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, स्वतः फॉलेटना बंद हवी, शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा हवी होती आणि फॉलेटना अंगावर थेट येणारा वारा नको होता, दोघांचं काम झालं आणि कोणी माघार घेतली नाही. दुसऱ्यावर चालवायची ताकद आणि दुसऱ्याबरोबर मिळून उभी केलेली ताकद हा फरक पण त्यांनीच मांडला, त्याला आता सुमारे शंभर वर्षं झाली.

दोन गोष्टी मात्र पाळा. ज्या विषयावर मीटिंगमध्ये निर्णय हवाय त्या विषयावर मीटिंगच्या आधी एकेकाला भेटलेले असा, मीटिंगमध्ये कोणाला पहिल्यांदा धक्का बसता कामा नये. आणि या भेटींमध्ये प्रत्येकाला वेगळं गोड बोलू नका, आपल्याला काय हवंय ते सगळ्यांना सारखंच आणि उघड सांगा. माणसं एकमेकांशी बोलतात. एकदा का तुम्ही इकडे एक आणि तिकडे एक बोलता हे कळलं की पुढची पाच वर्षं तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

चौथा चष्मा, अर्थ

संस्थेत घडलेल्या गोष्टीपेक्षा लोकांनी तिचा काय अर्थ लावला हे बऱ्याचदा जास्त टिकतं. एडगर शाइन यांनी संस्कृतीचे तीन थर सांगितलेत, वर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, त्याखाली आपण जाहीरपणे सांगतो ती मूल्यं, आणि तळाशी कोणी कधी बोलतच नाही अशी गृहीतकं. भिंतीवर 'ग्राहक सर्वप्रथम' लिहिलेलं असतं, पण सत्कार कोणाचा होतो, कुठल्या आकड्याचा बोर्ड लावलाय, नवीन माणसाला पहिल्या दिवशी जुने लोक कुठली गोष्ट सांगतात, यावरून तळ कळतो. आमच्या कॉरिडॉरमध्ये मोठ्ठा बोर्ड होता, 'आज बंद केलेल्या तक्रारी', आणि वर्षाचा सत्कार त्याच आकड्यावर. म्हणजे आम्ही रोज सगळ्यांना सांगत होतो की सोडवण्यापेक्षा बंद करणं मोठं.

याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला, न्युमी नावाने, आणि कामगार बहुतेक जुनेच घेतले, युनियनही तीच. तिथे लाईनच्या बाजूने एक दोरी होती, काही चुकलं तर कुठलाही कामगार ती ओढू शकायचा, टीम लीडर मदतीला धावत यायचा आणि वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबायची. आधीच्या कारखान्यात लाईन थांबवणं म्हणजे मोठा गुन्हा होता. तीच माणसं, पण थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या बरोबरीला आला. मग जनरल मोटर्सने ही पद्धत आपल्या दुसऱ्या कारखान्यात, व्हॅन नाइजला न्यायचा प्रयत्न केला, पण ती तिथे रुजली नाही आणि १९९२ मध्ये तो बंद झाला. माझ्या मते यात बघण्यासारखी गोष्ट ही की दोरी कुठेही बांधता येते. पण फ्रीमाँटला ती ओढल्यावर वरचा माणूस "काय झालं, मदत करू का" म्हणत यायचा, आणि जिथे तो "कोणी थांबवली" म्हणत येणार तिथे दोरी नुसती लटकत राहणार.

एकच चष्मा लावून बसलं की काय होतं

२८ जानेवारी १९८६ ला नासाचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटलं, सातही जण गेले. कारण सांगताना थंडीत कडक झालेली रबरी ओ-रिंग सांगतात, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटचा जोड घट्ट बंद ठेवणारी गोल कडी, आणि ते खरंच आहे. पण आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअर्सनी फोनवरच्या मीटिंगमध्ये एवढ्या थंडीत उडवू नका असं सांगितलं होतं. मग कंपनीच्या मॅनेजर लोकांनी आपसात चर्चा केली आणि त्यात एका वरिष्ठाला सांगितलं गेलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शिफारस बदलली. चारही बाजूंनी बघा. रचना, ही शंका नासामध्ये उड्डाणाचा शेवटचा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. माणसं, ज्यांना माहीत होतं त्यांचं बोलणं त्या खोलीत तोकडं पडलं. ताकद, समोर नासा म्हणजे मोठा ग्राहक. अर्थ, आधीची २४ उड्डाणं सुखरूप झालेली, रिंग झिजलेली दिसूनही यान परत आलेलं, त्यामुळे झीज म्हणजे धोका हा अर्थच पुसट होत गेलेला. फक्त रिंग बदलली असती तर बाकीच्या तीन गोष्टी तशाच राहिल्या असत्या.

प्रत्यक्ष कसं करायचं

कागदावर चार चौकोन काढा. अडचण वर एका वाक्यात लिहा, पण त्या वाक्यात कारण घुसवू नका, "फॉर्म नीट भरत नाहीत म्हणून उशीर" असं नाही, नुसतं "उशीर होतोय". मग ज्या चष्म्याचा तुम्हाला कंटाळा आहे त्याच्यापासून सुरुवात करा, आवडता शेवटी. हे फार महत्त्वाचं आहे कारण आवडता आधी भरला की उरलेले तीन आपण उरकून टाकतो. प्रत्येक चौकोनात निदान एक तरी अशी गोष्ट हवी जी तुम्ही स्वतः पाहिलीये किंवा ऐकलीये. "त्यांचं मनोधैर्य खचलंय" हे तुमचं मत झालं, "पहिली रिंग गेल्यावर फोन ठेवला" हे पाहिलेलं. एखादा चौकोन रिकामा राहिला तर तिथे काही नाहीये असं समजू नका, तिथे तुम्ही गेला नाहीयेत.

मग तो कागद तुमच्यासारखा विचार न करणाऱ्या एखाद्याला दाखवा. मी एचआरमधल्या एका मैत्रिणीला आणि हिशेब बघणाऱ्या एकाला दाखवते, दोघं दोन वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात.

सुरुवात कुठून करायची याचा माझा अंदाज असा. काय करायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि नुसता गोंधळ आहे, तर रचना. काय करायचं ते कळतंय पण कोणाचा जीव लागत नाहीये, तर माणसं. साधनं कमी आणि मतं दोन, तर आधी ताकद, कारण ते मिटल्याशिवाय केलेला नियम कोणीतरी वाकवणारच. आणि संस्थेला मोठा धक्का बसलाय, लोकांना आपण हे कशासाठी करतोय तेच कळेनासं झालंय, तर अर्थ, आणि त्यासाठी ईमेल पाठवू नका, स्वतः समोर जाऊन उभं राहा.

तुम्ही प्रमुख नसलात तरी हा कागद उपयोगी पडतो. साहेब कुठल्या चष्म्यातून बघतात ते ओळखा आणि आपलं म्हणणं त्या भाषेत सुरू करा. आकड्यांच्या माणसाला आधी आकडा द्या, मग त्या मुलीचा फोन सांगा. क्रम उलटा केलात तर ते फोनपर्यंत ऐकतच नाहीत.

आमच्याकडे मी ताकदीपासून सुरुवात केली. टेक्निशियनना सांगितलं की गेलेली जागा परत आणणं माझ्या हातात नाही, पण मी ती मागणी लेखी वर पाठवते, आणि त्यांच्यासमोरच पाठवली. मग मोजणी बदलली, परत पाठवलेल्या फॉर्मचा नंबर तोच ठेवला, त्यामुळे परत पाठवण्यात फायदा उरला नाही. डेस्कवरचा प्रत्येक जण दोन दिवस दुरुस्ती टीमबरोबर बसला, त्या मुलीला तर टेक्निशियननी स्वतः मशीन उघडून दाखवलं. बोर्डवर 'पहिल्याच फेरीत सुटलेल्या तक्रारी' आलं. फॉर्म पुन्हा नऊ रकान्यांचा केला. शिक्का मी मुद्दाम काढून घेतला नाही, तो कधी वापरात येतो ते मला बघायचं होतं.

दोन महिन्यांत शाईचं पॅड वाळलं. पाचव्या महिन्यात काही फॉर्मवर हाताने लिहिलेलं दिसायला लागलं, 'पार्ट बाकी'. मी कोरा कागद घेतला, चार चौकोन काढले, आणि एक फॉर्म हातात घेऊन स्टोअररूमकडे चालत गेले.